हुग्गी वजा जाता

निपाणी, ता. ९ जुलै १९३४

चि. शांतूस आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुला पत्र लिहायला मला कारण लागत नाही. तुला उत्तर द्यायला मात्र नोटीस लागते असं दिसतं, म्हणून आज सोबत एक नोटीसच पाठवते आहे. नीट वाच आणि मग हस. आधी हसू नकोस.

म्युनिसिपालटीने चार वर्षांनी घरपट्टीची नवी यादी केली आहे. आजवर आपल्या घराची पट्टी वर्षाला सव्वादोन रुपये होती. आता साडेसात लिहून आली आहे. साडेसात रुपये म्हणजे माझ्या एका म्हशीची दोन महिन्यांची पेंड. म्हशीला मी काय सांगू, की हे दोन महिने सरकार खाणार आहे, तू थांब?

झालं असं. जूनमध्ये एक कारकून टेप घेऊन घर मोजायला आला. उन्हातनं आलेला, घामाने भिजलेला. त्याला ताक दिलं. ताक पिऊन म्हणाला, "आक्का, आडाचं पाणी का वो हे? लई ग्वाड हाय." मग मी त्याला आड दाखवला. आड दाखवल्यावर न्हाणी नको दाखवायला? न्हाणीतनं परड्यात आलो, परड्यातनं माजघरात. तुझ्या दाजींनी तंबाखूच्या वखारीत काटा धरून अकरा वर्षांत एकेक चिरा आणून हे घर कसं बांधलं, तेही सांगितलं. तो प्रत्येक खोलीत "वा वा" म्हणायचा आणि वहीत लिहायचा. मला वाटलं कौतुक लिहून घेतोय.

वर एक माडीची खोली आहे. मागच्या यादीच्या वेळी तिच्या नुसत्या भिंती होत्या, म्हणून धरली नव्हती. दोन वर्षांमागे मी तिच्यावर कौलं घातली. तीही त्याला दाखवली.

नोटिशीत लिहिलं आहे की तक्रार असेल तर अर्ज करावा. आपल्या घराण्यात कोर्टाची पायरी तूच चढतोस, वकिलाची लेखणी तुझ्याच हातात. तर एक चांगलासा अर्ज लिहून पाठव. दाजी जाऊन सहा वर्षं झाली. ते असते तर म्हणाले असते, "दे गं भरून, कशाला तंटा." म्हणून आधीच सांगते, मी भरणार नाही.

तुझी आक्का,
चंदना

---

टिळकवाडी, बेळगाव, ता. १४ जुलै १९३४

ति. आक्कास शांतूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरता. गुडघे हल्ली कुणाचं ऐकत नाहीत.)

तू हसू नको म्हणालीस तिथेच मी हसलो. वकीलसाहेबांनी चष्म्यावरनं बघून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "साहेब, आमच्या आक्कानं स्वतःच्या हातानं स्वतःवर पट्टी बसवून घेतली, वर ताक पाजलं." अगं, सरकारी माणूस घर मोजायला आला की लोक गळकी बादली सोप्यात आणून ठेवतात, धडधाकट म्हाताऱ्याला घोंगडीखाली कण्हायला लावतात. आणि तू त्याला आडाचं पाणी चाखवलंस! तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला नाही हेच नवल.

आता कायदा ऐक. घर बांधायला काय खर्च आला, हे ते विचारत नाहीत. घर भाड्याने दिलं तर वर्षाला काय येईल, तेवढंच बघतात आणि त्यावर रुपयामागे एक आणा घेतात. पूर्वी महिना तीन रुपये धरले होते, आता दहा धरलेत. आपण म्हणायचं की तीनच्या वर कुणी छदामही देणार नाही. पण नुसतं म्हणून चालत नाही, पुरावा लागतो. तोही मी योजला आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर कुंथुनाथ म्हणून कारकून आहे. आपल्यातलाच, पक्का जैन. कागद घेऊन चिकोडीच्या कोर्टात जातो तो निपाणीवरूनच. या माणसाला जन्मात कधी काही आवडलेलं नाही. स्वतःच्या लग्नात त्याने मांडवाला नावं ठेवली, जेवणाला ठेवली, आणि शेवटी मुहूर्तालाही ठेवली. त्याला भाडेकरू म्हणून तुझं घर बघायला पाठवतो. तो बघेल, नाक मुरडेल, आणि आपलं मत कागदावर लिहून तो कागद परस्पर म्युनिसिपालटीच्या कचेरीत देईल. खोटं बोल म्हणून सांगायचीसुद्धा गरज नाही.

एकच अट आहे, आक्का. त्याला काही खायला घालू नकोस.

आणि ती माडी रिकामी का ठेवलीस? एखादा शाळामास्तर ठेवला असतास तर पट्टी कधीच निघाली असती. चिमण्यांसाठी कौलं घातलीस काय?

तुझा,
शांतू

---

निपाणी, ता. ६ ऑगस्ट १९३४

चि. शांतूस आशीर्वाद.

तुझा कुंथुनाथ परवा येऊन गेला. तू खायला घालू नको म्हणालास. पण चिखलातनं आलेला माणूस, चातुर्मासाचे दिवस, आणि सूर्य मावळायला जेमतेम तास. मावळल्यावर तो पाण्याच्या घोटालाही शिवणार नाही. त्याला तसाच उपाशी मोटारीत बसवायचा? पाच रुपयांच्या वाढीव पट्टीसाठी असलं पाप मी घेत नाही.

विशेष काही केलं नाही. भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, कारळ्याची चटणी. गव्हाची हुग्गी आधीच शिजत होती, गूळ घालून. वर थोडं तूप सोडलं. तू म्हणतोस तसा तो काही बोलला नाही. हुग्गी तीनदा वाढून घेतली, तीही मान खाली घालून. मला वाटलं आवडली नसावी, भिडेखातर गिळतोय.

मग घर बघितलं. माडीत गेला तो खाली यायलाच तयार नाही. खिडकीशी बसून राहिला. भिंतीतल्या देवळीवर हात फिरवून म्हणाला, "ही दौत ठिवायची देवळी न्हवं? कुणासाठी केली वो आक्का?" मी म्हटलं, आहे एक. मग विचारलं, "माडी भाड्यानं द्याल काय?" म्हटलं, माडी सोडून बोला. त्यावर त्याचं तोंड असं उतरलं की मला तुझी आठवण झाली, लहानपणी जत्रेत पिपाणी घेतली नव्हती तेव्हाची.

जाताना म्हणाला, "मी लिव्हणार ते खरंच लिव्हणार, आक्का." म्हटलं, लिहा की, आम्हाला काय भीती. तोंड वाकडं करूनच गेला, तेव्हा तुझं काम झालं असावं.

आक्का

---

टिळकवाडी, बेळगाव, ता. १७ ऑगस्ट १९३४

ति. आक्का,

नमस्कार मागाहून. आधी हे वाच. कुंथुनाथाने कचेरीत दिलेल्या कागदाची ही नक्कल:

"खाली सही करणार लिहून देतो की, निपाणी येथील कै. भुजबळी चौगुले यांचे घर मी समक्ष पाहिले. घर थंड आहे. आडाचे पाणी गोड आहे. माडीत सकाळचे ऊन येत असावे व तेथे बसले असता उठावेसे वाटत नाही. मालकीण हुग्गी फार चांगली करते. या घरास दरमहा रुपये दहा देण्यास मी तयार आहे. परंतु माडी मिळत नाही असे कळल्यावरून मन खट्टू झाले."

दहा! म्युनिसिपालटीने दहा धरले होते तेव्हा ते निदान हवेत तरी होते. आता त्यांच्याखाली आपल्याच साक्षीदाराची सही आहे. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, फिरवून लिही. तर म्हणतो, "चातुर्मासात खोटं बोलायचं न्हाय असा नेम घेतलाय मी. दिवाळी झाल्यावर बघू." एवढ्या मोठ्या जिल्ह्यात मी साक्षीला माणूस निवडला तो हा, आणि महिना निवडला तो हा. पण मूळ दोष तुझ्या तुपाचा आहे हे विसरू नकोस.

असो. हत्ती बुडाला तरी सोंड वर आहे. सोबत अर्जाचा कागद पाठवतो आहे. साक्षीदार गेला खड्ड्यात, आपण भाषेने मात करू. विशेषतः तिसरं वाक्य मोठ्याने वाच. इतकं ठणठणीत वाक्य मी साहेबांच्या दिवाणी दाव्यातही लिहिलेलं नाही. खाली सही कर आणि लगेच कचेरीत दे.

अक्षराकडे बघू नकोस, टाकाचं टोक वाकलं आहे. नवीन घ्यायला वेळ नाही. साहेबांनी टाइपरायटर आणला आहे आणि एक पोरगेलासा मद्रासी गृहस्थ दिवसभर त्याच्यावर कुटत बसतो. कान किटले आहेत.

शांतू

---

निपाणी, ता. २८ ऑगस्ट १९३४

चि. शांतूस,

अर्ज वाचला. तिसरं वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं होतंस, तसं वाचलं. "सदरहू घर अंधारे व कोंदट असून, ते कोणी फुकट दिले तरी तेथे कोणी राहणार नाही."

वाक्य खरंच ठणठणीत आहे. पण नवं नाही रे. एकवीस वर्षांमागे तू तेच बोलला होतास, याच सोप्यात उभा राहून. घरभरणीची पंगत बसली होती. तू बेळगावहून नव्या नोकरीचा कोट घालून आलास आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "दाजी, केवढा वो अंधार! हे घर कुणी फुकट दिलं तरी कोण ऱ्हाणार न्हाय." सगळे हसले. मी पण हसले. दाजी तूप वाढत होते. त्यांचा हात क्षणभर तसाच थांबला. मग त्यांनी तुझ्या पानावर सगळ्यांपेक्षा जास्त तूप वाढलं. तू म्हणालास, "पुरे, पुरे." त्यांनी ऐकलं नाही.

दर वर्षी भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की तुझं क्षमावणीचं कार्ड येतं. मनाने, वाचेने, कायेने काही चुकलं असेल तर क्षमा असावी. एकवीस कार्डं आहेत माझ्याकडे, सगळी सारखी, जशी छापखान्यातनं काढलेली. दाजी असेपर्यंत मी ती त्यांना वाचून दाखवायची. ते म्हणायचे, "त्याच्या ध्यानात न्हाय गं ते." मी म्हणायची, असेल, लाजतोय. ध्यानात नव्हतंच, हे आज तुझ्याच अक्षरात कळलं. फार वाईट वाटलं, शांतू. आडवळणाने सांगत नाही, सरळ सांगते.

या कागदावर मी सही करणार नाही. साडेसात भरावे लागले तर भरीन, पण ज्या माणसाने अकरा वर्षं चिरे वाहिले त्याचं घर वाईट आहे, असं त्याच्या बायकोच्या सहीने कचेरीत राहणार नाही.

तरी पट्टी मला जास्तच वाटते. म्हणून मी माझ्या शब्दांत चार ओळींचा अर्ज दिला आहे: पट्टी जास्त आहे, बाकी समक्ष सांगेन. २८ सप्टेंबरला सुनावणी आहे. तुझं वाक्य मी परत पाठवत आहे. सांभाळून ठेव.

आक्का

---

कंग्राळी, द्वारा भावकू पाटील, ता. २४ सप्टेंबर १९३४

ति. आक्कास नमस्कार.

दशलक्षण यथास्थित पार पडले. मनाने, वाचेने, कायेने कळत नकळत काही चुकले असल्यास क्षमा असावी.

हे कार्ड बाविसावं झालं. यापुढे काय लिहावं ते सुचत नाही. तेव्हा ती थट्टा होती, एवढंच सांगतो. माझं तोंड तुला माहीत आहे.

वर पत्ता कंग्राळीचा दिसेल. टिळकवाडीत फार गर्दी झाली, म्हणून थोडे दिवस इकडे हवापालटाला आलो आहे. गाव शहराला लागूनच आहे. ज्याच्याकडे उतरलो आहे त्या भावकूकडची भाजी ताजी असते. सुनावणीला आलो असतो, पण ऑफिसात कामाचा डोंगर पडला आहे.

शांतू

---

निपाणी, ता. ३ ऑक्टोबर १९३४

चि. शांतूस अनेक आशीर्वाद.

कामाच्या डोंगरावरनं थोडं खाली उतर आणि माझी सुनावणी ऐक.

मी इरकली नेसून गेले. कमिटीचे चार जण टेबलामागे आणि मी टेबलापुढे. बसायला स्टूल दिलं, पण बसले नाही. बसलं की माणूस बुटकं दिसतं. अध्यक्ष म्हातारे, कानडी वळणाचं मराठी बोलणारे. त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं घर वाईट हाय काय?"

म्हटलं, "न्हाय. लई चांगलं हाय."

"गळतंय?"

"थेंब न्हाय गळत."

"मग तक्रार कशाची?" असं म्हणून त्यांनी कुंथुनाथाचा कागद काढला आणि सगळ्यांना वाचून दाखवला. "ह्यो माणूस म्हणतोय, दहा रुपयं देतो. तुमचाच साक्षीदार न्हवं?"

म्हटलं, "साहेब, त्यात हुग्गी लिव्हलीया का न्हाय?"

त्यांनी परत बघितलं. म्हणाले, "लिव्हलीया."

"आमटी लिव्हायची राहिली, पण तीबी खाल्ली त्यांनी. घरपट्टी घराची असती का चुलीची? मी जेवण भाड्यानं देत न्हाय. घर दिलं तर नुसतं घर जाणार, हुग्गी माझ्यासंगं ऱ्हाणार. ती वजा करा आणि मग सांगा भाडं किती ते."

एक जण हसला, त्याला अध्यक्षांनी गप्प केलं. मग स्वतःच म्हणाले, "पण हुग्गी किती रुपयांची, ते कोण सांगणार?"

आता तुझा कुंथुनाथ मागे भिंतीशी उभाच होता. आपल्या कागदाने माझं नुकसान झालं म्हणून बिचारा एक दिवसाची रजा काढून आला होता. त्याला पुढे बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, "हुग्गी वजा जाता घराचं भाडं काय द्याल?" त्याने डोळे मिटले. हातात जपमाळ नव्हती एवढंच, बाकी थाट तोच. कमिटी थांबली, मी थांबले, बाहेर टांगा थांबला होता तोही थांबूनच राहिला. शेवटी म्हणाला, "सहा."

"म्हंजे चार रुपयं हुग्गीचं?"

"व्हय," तो म्हणाला, "आमटी धरून. चातुर्मास हाय, खोटं सांगत न्हाय."

"आयतु, आयतु, झालं तर," म्हणत अध्यक्षांनी खोडून सहा लिहिले. पट्टी साडेचार झाली. यादी करणाऱ्याचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. माझं ताक पिऊन कुणीही दहाच लिहिले असते.

उठता उठता एका सभासदाने विचारलं, "आक्का, माडी तेवढी रिकामी का ठिवलीया?" म्हटलं, "रिकामी न्हाय. तिथला माणूस यायचा हाय अजून." त्यांना तेवढंच सांगितलं. तुला मात्र सांगते.

घरभरणीच्या दिवशी तू अंधार म्हणालास. त्याचा राग दाजींना आला नाही, चुटपूट लागली. म्हणायचे, "खरं हाय त्याचं. लिव्हणाऱ्या माणसाला उजेड लागतो." तेव्हापासून माडीचं त्यांच्या डोक्यात होतं. पैसे जमायला पंधरा वर्षं गेली. पूर्वेला दोन खिडक्या ठेवल्या. उजव्या हाताला दौतीची देवळी केली, का तर तू उजव्या हाताने लिहितोस. भिंती झाल्या आणि ते गेले. कौलं मी घातली. गवंडी विचारायचे, कुणाची खोली? ते सांगायचे, शांतूची. तुला कधी सांगितलं नाही, कारण ते म्हणायचे, पुरी झाल्यावर दाखवू. आणि पुढे मी नाही सांगितलं, कारण तू येतच नव्हतास. आपण होऊन बोलवायचा मला अभिमान नडला.

कुंथुनाथाने सुनावणीनंतर सगळं सांगितलं. तो खोटं बोलत नाही हे तू विसरतोस. टाइपरायटर आल्यावर साहेबांनी तुला ऑगस्ट अखेर कायमची रजा दिली. टाकाचं टोक वाकलेलं नव्हतं, तुझा हात कापतो. टिळकवाडीच्या दोन खोल्या भाडं थकायच्या आत सोडल्यास. भावकूच्या गोठ्याशेजारच्या खोपटात राहतोस आणि त्याला हवापालट म्हणतोस. हवा असेल तिथे. जागा असेल असं वाटत नाही.

तर आता माझी नोटीस. घर महिना सहा रुपये भाड्याचं, कमिटीच्या शिक्क्याचं. तुला मी ते फुकट देते. फुकट दिलं तरी कोणी राहणार नाही म्हणाला होतास ना? मग ये, आणि राहू नकोस बघू.

हात कापत असेल तर देवळीत दौतीऐवजी चष्मा ठेव.

आक्का

---

कंग्राळी, ता. १२ ऑक्टोबर १९३४

मेहेरबान घरमालकीण श्रीमती चंदनाबाई भुजबळी चौगुले, निपाणी, यांचे सेवेशी.

अर्जदार शांतिनाथ, धंदा पूर्वी वकिलाकडे लेखनाचा, हल्ली काही नाही, वय वर्षे बावन्न, सविनय अर्ज करतो की:

सन १९१३ साली घरभरणीचे दिवशी अर्जदाराने या घराबद्दल एक वाक्य उच्चारले व चालू साली तेच पुन्हा लिहिले. ते वाक्य खोटे होते. घर तेव्हाही चांगलेच होते. अर्जदाराचा कोट नवा होता, एवढेच. अर्जदार त्या वेळी भाड्याच्या एका खोलीत राहत असे. वखारीत काटा धरणाऱ्या माणसाने स्वतःचे घर बांधलेले पाहून त्यास पोटात दुखले, ही गोष्ट अर्जदाराने आजपर्यंत कोणासही कळू दिली नाही. थट्टा नव्हती. मागील कार्डात तसे लिहिले तेही खोटे.

तूप जास्त वाढल्याचे अर्जदाराच्या पूर्ण ध्यानात आहे. बाकीचे ध्यानात नव्हते असे नाही. ध्यानात ठेवले नव्हते.

सबब, सदरहू वाक्य मागे घेण्याची परवानगी व्हावी. ज्यांना बोललो ते आता नाहीत, म्हणून अर्ज आपणाकडे करावा लागत आहे. बावीस कार्डांत जे लिहिले नाही ते आज लिहितो: दाजी, माझे चुकले.

माडीचे भाडे देण्याची अर्जदाराची ऐपत नाही. म्हशींस पाणी दाखवणे, पट्टी भरण्यास कचेरीत जाणे व हुग्गीस नावे न ठेवणे, ही कामे अर्जदार विनातक्रार करील. हा कागद लिहिण्यास चार दिवस लागले, तरी खाडाखोड माफ असावी.

अर्जदार,
शांतिनाथ

(त्याच अर्जाच्या पाठीवर)

शेरा. निपाणी, ता. १६ ऑक्टोबर १९३४.

अर्ज वाचला, दोनदा. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

वाक्य मागे घेण्याचं माझ्या हातात नाही. ते ज्यांना बोललास त्यांनी त्याच पंगतीत तुपाच्या वाटीने निकाल दिला आहे, आणि त्यावर अपील चालत नाही. भाडं माफ. हुग्गीचे चार रुपये कुंथुनाथाने ठरवलेले आहेत, त्याचं बघू.

दुपारच्या मोटारीने निघू नकोस. ती पोचेपर्यंत दिवस मावळतो आणि मग तुला उपाशी निजावं लागेल. सकाळच्या मोटारीने ये.